रेव्हरंड टिळकांचा टाळ-मृदंग

ना. वा. टिळक म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतली एक कविता आठवते. चोचीत पिलांचा घास घेऊन घरट्याकडे निघालेली ती घायाळ पक्षिणी आठवते आणि पाठांतराची भीतीही आठवते. परीक्षेच्या तयारीत आणखी एक गोष्ट हमखास लिहून घेतलेली असते, ती म्हणजे टिळक हे ‘फुलामुलांचे कवी’. हे बिरुद खोटे नाही. पण या बिरुदाने टिळकांवर थोडा अन्यायच केला आहे, असे माझे मत आहे. फुले आणि मुले यांच्यावर कविता करणारा माणूस सर्वांनाच गोड वाटतो, त्याच्याशी कुणाचे भांडण होत नाही. प्रत्यक्षात या माणसाचे भांडण जन्मभर चालू राहिले. आधी घराशी झाले, मग जातीशी, मग ज्या मिशनने पोटाला लावले त्या मिशनशी. आणि त्या भांडणाचे एक मोठे कारण होते देवापुढे म्हणायच्या गाण्याची चाल.

चाल बदलली तर एवढे काय बिघडते, असे कुणाला वाटेल. मलाही हा विषय आधी संगीताच्या जिज्ञासूंचा वाटला होता. पण टिळकांचे चरित्र आणि विशेषतः लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येत गेले, की देवळात किंवा चर्चमध्ये कोणत्या चालीवर गायचे, कोणी गायचे आणि कोणी नुसते ऐकायचे, हे ज्याच्या हातात असते त्याच्याच हातात ते देऊळ असते. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले. त्या काळी तो एक धाडसी प्रयोग होता. प्रयोग हा शब्द आपण नाटकाला वापरतो आणि शास्त्राच्या प्रयोगशाळेतही वापरतो. इथे तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई मृदू आणि भाविक. आई लवकर गेली आणि मुलाचे घरातले मन उडाले. तो नाशिकला आला आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्या हाताखाली संस्कृत व काव्यशास्त्र शिकला. इंग्रजी शाळेत थोडे दिवस काढले, पण पदवी वगैरे मिळवण्याइतके स्वास्थ्य कधी मिळाले नाही. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू ही सून म्हणून घरात आली. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक.

या गोखल्यांच्या घराबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण त्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच होते. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्यातून हे वेड आले असे लक्ष्मीबाई सांगतात. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. मिठासारखी पाण्यात विरघळणारी वस्तूही या धुण्यातून सुटत नसे! आज हे वाचताना आपण हसतो, आणि लक्ष्मीबाईंनी ते लिहिलेही हसू येईल असेच. पण ज्या मुलींचे बालपण त्या घरात गेले त्यांच्या अंगावर त्याने काटाच येत असणार. धर्म म्हणजे पाणी, धर्म म्हणजे शिवाशिव. अशा घरातली मुलगी पुढे एका ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याची बायको म्हणून उभी राहिली.

तरुणपणीचे टिळक एका जागी टिकत नसत. शिक्षक, पुराणिक, व्याख्याते, कीर्तनकार, संपादक अशी कामे त्यांनी आज इथे तर उद्या तिथे केली. हातात आलेला पैसा समोरच्या गरजूला देऊन मोकळे व्हायचे आणि मग घरी काय खायचे याचा विचार बायकोने करायचा, असा संसार होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या भटकंतीतली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कीर्तन त्यांनी बाहेरून पाहिलेले नव्हते. ते शीघ्रकवी होते, बोलता बोलता पद रचीत, श्रोत्यांचा कल ओळखून विषय फिरवीत. पूर्वरंगात एखादे पद घेऊन निरूपण करायचे, मध्ये नामाचा गजर करून श्रोत्यांना जागे करायचे, मग उत्तररंगात आख्यान लावायचे, साकी, दिंडी, ओवी, आर्या यांनी ते सजवायचे आणि आरतीने संपवायचे, ही सारी घडण त्यांच्या जिभेवर होती. पुढे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत जे आणले ते कुठल्या पुस्तकातून उचललेले नव्हते, अंगात भिनलेले होते.

नागपूरला बुटी या धनिकाच्या आश्रयाने त्यांनी काही काळ काढला. तेथे ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. त्या दिवसांत त्यांच्या मनात एका नव्या धर्माचीच कल्पना घोळत होती. जातिभेद नसलेला, माणसाला माणसाजवळ आणणारा असा काही मार्ग आपणच काढावा, असे त्यांना वाटू लागले होते. १८९३ च्या सुमारास राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी आगगाडीने जात असताना एका गोऱ्या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. अर्नेस्ट वॉर्ड हे त्याचे नाव. गप्पा कवितेवर झाल्या, मग धर्मावर आल्या. निघताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भविष्य सांगितले. टिळकांना तेव्हा ते हास्यास्पद वाटले. पण ते पुस्तक त्यांनी वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जे धरले ते सोडले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेताना त्यांनी एक हट्ट धरला, तो मला फार बोलका वाटतो. पाणी परदेशी मिशनऱ्याच्या हातून नको, आपल्याच देशातल्या पाळकाच्या हातून हवे. तसेच झाले. नव्या घराच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवतानाच त्यांनी सांगून टाकले होते, की मी येशूकडे आलो आहे, साहेबाकडे नव्हे. पुढची चोवीस वर्षे या एका वाक्याचा विस्तार आहे असे म्हटले तरी चालेल.

त्यांच्या धर्मांतराने घरावर वीज पडली. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरात लहान दत्तू. त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांपैकी काही काळ पंढरपुरात गेला. सुमारे पाच वर्षे ही ताटातूट चालली. मग त्या नगरला आल्या, तरी आपले पाणी आणि स्वयंपाक निराळा ठेवून राहिल्या. टिळकांनी कधी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनीच पुढे एके दिवशी स्वतःशी विचार केला, की जाती जर देवाने केल्या असत्या तर माणसांच्या शरीरातही त्याने फरक ठेवला असता. झाले, त्या दिवसापासून त्यांचे सोवळे सुटले. १९०० साली त्यांनी व मुलाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत गेलेली बायको असे त्यांच्याबद्दल म्हणता येत नाही. त्या आपल्या पायांनी आणि आपल्या वेगाने चालत आल्या.

आता नगरकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ मध्ये ठाणे घातले. ‘ज्ञानोदय’ हे त्यांचे पत्र १८४२ मध्ये नगरलाच निघाले. मिशनचे मुख्य मंडळ समुद्रापार बोस्टनला. पैसा तिकडून येई आणि मोठे निर्णयही तिकडूनच येत. टिळक नगरला आले, धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले, काही काळ राहुरीत राहिले. आपल्या श्रीरामपूरहून राहुरी एसटीने पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे. त्या काळी श्रीरामपूर नावाचे गाव नव्हते. दौंड-मनमाड लोहमार्गावर बेलापूरचे स्थानक होते, आणि स्थानकाने ते नाव अजून सोडलेले नाही. नगरहून नाशिककडे जाताना टिळकांची गाडी कितीदा तरी इथे थांबली असेल. प्रवरेच्या या काठावरच नेवासे आहे, जिथे गीता मराठीत आली. देवाची भाषा कोणती, हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही, एवढेच इथे नमूद करतो.

त्या वेळी नगरच्या आणि राहुरीच्या चर्चमध्ये गायले काय जात असे? इंग्रजी स्तोत्रांची मराठी भाषांतरे, आणि तीही मूळ इंग्रजी चालींवर. आता चालीची गोष्ट अशी असते, की प्रत्येक भाषेला ऱ्हस्व-दीर्घाचा आपला स्वभाव असतो. परक्या चालीत स्वरांची लांबी आधीच ठरलेली. तिच्यात मराठी शब्द बसवायला गेले की दीर्घ अक्षर आखूड सुरावर चेंगरते आणि ऱ्हस्व अक्षर उगाचच ताणले जाते. शब्द मराठी असूनही वाक्य परके वाटते. शिवाय ही स्तोत्रे पुस्तक हातात धरून म्हणायची. खेड्यातल्या ज्या माणसाला अक्षरओळख नाही त्याने काय करायचे? उभे राहायचे आणि पेटीवाल्याच्या तोंडाकडे पाहायचे.

न्यायाने सांगायचे तर टिळकांच्या आधीही या दिशेने प्रयत्न झाले होते. नगरमध्ये १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले होते. उधळ्या पुत्राचे किंवा चांगल्या शोमरोन्याचे आख्यान ते लावीत आणि ते ऐकायला बिगर-ख्रिस्ती लोकही गर्दी करीत. म्हणजे वाट अगदीच नवी नव्हती. पण तिकडे मिशन पाहत होते ते प्रचाराचे साधन म्हणून. बाजारात, जत्रेत, चावडीपुढे कीर्तन चालेल. रविवारी चर्चमध्ये मात्र उपासना ठरल्या चालीनेच व्हावी. टिळकांचे वेगळेपण माझ्या मते इथे आहे. लोकांना ओढून आणण्यासाठी टाळ वाजवायचा आणि आत आल्यावर तो काढून घ्यायचा, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांना टाळ-मृदंग वेदीपुढे हवा होता.

म्हणून त्यांनी गाणी लिहायला घेतली. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी लिहिली. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात एकट्या टिळकांची अडीचशेच्या आसपास गीते आहेत. त्यांत पदे आहेत, आरत्या आहेत, आणि मुख्य म्हणजे अभंग आहेत. अभंगच का, हे पाहण्यासारखे आहे. अभंगाची रचना साधी. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. लहान अभंगात आठ-आठ. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी धृपद उचलायचे. दोनदा ऐकले की पाठ होतो, पुस्तक लागत नाही. लय हळूहळू चढते, टाळ जलद होतात, आणि ऐकायला आलेला माणूस केव्हा गाऊ लागला हे त्याचे त्यालाही कळत नाही. प्रवचनात एक माणूस उंचावर उभा राहून बोलतो आणि बाकीचे खाली बसून ऐकतात. भजनात बोलणारा आणि ऐकणारा एकाच सतरंजीवर येतात. पाळकाच्या हातातली सत्ता भजनाने थोडीशी सैल होते. मिशनच्या मोठ्या मंडळींना अस्वस्थ करणारी गोष्ट कदाचित मृदंग नसून ही असावी.

टिळकांच्या मागे उभे होते तुकोबा. तुकारामांचा आधार नसता तर आपण येशूपर्यंत पोहोचलोच नसतो, असे टिळक मानीत आणि ते कधी लपवीत नसत. एका नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाने जुन्या संतांचे ऋण असे उघड उघड मान्य करणे त्या काळी सोपे नव्हते. धर्मांतर करणाऱ्याने मागचे सगळे वाईट ठरवावे अशीच सर्वांची अपेक्षा असे. मागे सोडलेले लोक त्याला शिव्या देत आणि पुढे भेटलेले लोक त्याच्याकडून मागच्यांसाठी शिव्या मागत. टिळकांनी हा व्यवहार केला नाही.

टिळकांना विरोध झाला तो फक्त मिशनऱ्यांकडून, असे सांगून आपण मोकळे होऊ शकतो, पण ते पुरे सत्य होणार नाही. नगर जिल्ह्यातील बहुतेक नवे ख्रिस्ती महार आणि मातंग समाजांतून आलेले होते. त्यांच्या घरी एकतारी होती, डिमडी होती, चोखोबांचे अभंग होते. पण ज्या पंढरपूरसाठी ते अभंग गायले जात, त्या पंढरपूरच्या देवळाची पायरी ओलांडायला त्यांना १९४७ उजाडावे लागले, आणि तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. अशा माणसाला चर्चमधल्या बाकावर, साहेबाच्या शेजारी, सरळ पाठीने बसायला मिळाले. परक्या चालीचे का होईना, तेच गाणे साहेबही म्हणतो आणि मीही म्हणतो. त्या बाकात आणि त्या परक्या चालीत त्याची प्रतिष्ठा होती. मग कोकणस्थ ब्राह्मण घरातून आलेले टिळक येतात आणि म्हणतात, खाली सतरंजीवर बसू या, टाळ घेऊ या. त्याला शंका आली असेल तर नवल काय! ज्या गावकुसाबाहेरून तो मोठ्या कष्टाने निघाला होता तिकडेच हा परत नेतो आहे, असे त्याला वाटणे साहजिक आहे. हा माझा तर्क आहे. पण या बाजूने विचार केल्याशिवाय टिळकांच्या प्रयोगाची खरी अडचण कळत नाही. ज्याच्याकडे प्रतिष्ठा आधीच असते त्याला ती सतरंजीवर उतरवून ठेवणे सोपे जाते.

दुसरी एक गोष्ट टिळकांच्या चाहत्यांनी राग न धरता ऐकावी. त्यांची सगळीच गीते सोपी नाहीत. काही पदांत संस्कृत समासांची अशी दाटी आहे, की राहुरीच्या मळ्यातल्या मजुराला ती पदे इंग्रजी स्तोत्राइतकीच परकी वाटली असतील. लेलेशास्त्र्यांची शाळा अधूनमधून डोके वर काढते. पण अभंगाकडे वळले की हेच टिळक एकदम साधे होतात. तेथे पांडित्याला जागाच नसते, सहा अक्षरांत माणूस किती मिरवणार? ‘अभंगांजली’ या संग्रहात हा साधेपणा भरून आहे. मला त्यांच्या निसर्गकवितेपेक्षा हे अभंग अधिक टिकाऊ वाटतात. आमच्या मराठी विभागात यावर मतभेद होतील याची कल्पना आहे.

तिसरा संशय हिंदू समाजाचा. भजन हे आमचे, तुम्ही ते गळाला लावता, अशी ती तक्रार. हा आरोप अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण बाजारातल्या कीर्तनाचा हेतू प्रचाराचाच होता. परंतु टिळकांच्या बाबतीत एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. जो माणूस जन्मापासून मराठीत रडला, मराठीत हसला, मराठीत कीर्तन करीत हिंडला, त्याने देवाचे नाव बदलल्यावर रडण्याची भाषाही बदलावी का? भजन हे ज्या देवाचे तितकेच ते ज्या कंठातून निघते त्या कंठाचेही असते.

वाचकहो, असा प्रश्न जगात फक्त नगरलाच पडला असे नाही. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात लोकांच्या भाषेत स्तोत्रे रचली आणि पुरोहितांकडचे गाणे जनतेच्या तोंडी दिले. आपल्या शेजारी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ छापले. तरीही रोमन कॅथलिक उपासना लॅटिनमध्येच चालत राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला आणि स्थानिक संगीताला मोकळीक दिली, तेव्हा टिळकांना जाऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती. आज आपल्या तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जे लोक जातात, त्यांना मराठी भक्तिगीतांत काही नवल वाटत नाही. नाताळच्या आठवड्यात श्रीरामपूर परिसरातल्या वस्त्यांवर ढोलकी आणि झांजा घेऊन रात्री घरोघर फिरणारी गाण्यांची मंडळी मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाला मी टिळकांविषयी विचारले, तर तो म्हणाला की गाणी कुणाची ते ठाऊक नाही, आजोबा म्हणायचे म्हणून आम्ही म्हणतो. कवीला याहून मोठी पावती मिळत असेल असे वाटत नाही.

नगरच्या वर्षांतले टिळकांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. दुष्काळातली अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे, सगळे तेथे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याच्या कवितेने सगळे थक्क झाले तो ठोंबरे नावाचा मुलगा, आपला बालकवी, पुढे याच घरात राहिला. तो ख्रिस्ती झाला नाही आणि टिळकांनी त्याला होण्याचा आग्रहही धरला नाही. १९०९ मध्ये टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे पद्यमय ख्रिस्तचरित्र लिहायला घेतले. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की या भटक्या माणसाची अखेर घडी बसली. रेव्हरंड ही पदवी, मिशनचा पगार, कवी म्हणून कीर्ती, सगळे होते.

पण आत काहीतरी शिजत होते. मिशनचा पगार घेणारा मनुष्य लोकांच्या दृष्टीने साहेबाचा नोकरच असतो, मग त्याने कितीही गोड अभंग म्हटले तरी काय उपयोग, हा विचार त्यांना छळू लागला. महाराष्ट्राला ठाऊक असलेला साधू पगार घेत नाही. तुकोबांनी वह्या लिहिल्या त्या कुणाच्या पगारावर नव्हेत. चाल बदलली, वाद्ये बदलली, बसण्याची पद्धत बदलली, पण गाणाऱ्याच्या भाकरीची सोय बोस्टनलाच राहिली, तर बदल अर्धाच झाला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले. वय छप्पन्नच्या घरात, प्रकृती खालावलेली, आणि संसार लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर. नवऱ्याच्या प्रत्येक मोठ्या निर्णयाची किंमत या बाईने भरली आहे, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. नाव भव्य, पण दरबारात ना सिंहासन ना भालदार. येशूला गुरू मानणाऱ्या सर्वांचा तो मेळा. त्यातली स्फोटक गोष्ट अशी, की दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बरोबरीने यावेत, असे टिळक म्हणत होते. ज्या विधीसाठी त्यांनी स्वतः जात, घर आणि पाच वर्षांचा संसार गमावला, तोच विधी आता ते दाराबाहेर ठेवायला तयार झाले. बाप्तिस्म्याला ते कमी लेखीत होते असे नाही. पण एका समाजातून उचलून दुसऱ्या समाजात टाकणारा शिक्का असे त्याला जे रूप आले होते, ते त्यांना नको होते. भजनाला बसताना कुणी कुणाला जात विचारू नये, तसे बाप्तिस्म्याविषयीही विचारू नये. चर्चमध्ये टाळ आणण्यापासून जो प्रयोग सुरू झाला होता, तो इथवर येऊन पोहोचला. पुष्कळ जुने सहकारी दुरावले. काही मिशनरी मित्रांनी मात्र शेवटपर्यंत माया पातळ होऊ दिली नाही, हेही खरे आहे.

दरबार फुलायला वेळच मिळाला नाही. दोन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच आजार बळावला. मुंबईच्या रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी टिळकांचा अंत झाला. आपला देह पुरू नये, त्याला अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती रीतीला ही मोठी विसंगती होती, तरी ती पाळली गेली आणि अस्थी नगरला आणल्या गेल्या.

दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. तो एका माणसाच्या श्वासावर उभा होता आणि तो श्वास थांबताच विरला. संस्था कशी चालवावी, हिशेब कुणी ठेवावा, वाद झाला तर कुणाचा शब्द शेवटचा, यांची उत्तरे टिळकांकडे नव्हती, आणि खरे तर त्यांना ती नकोच होती. गाणी मात्र उरली, कारण त्यांना चालवायला समिती लागत नाही.

‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर अडले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्यांना लग्न होऊन आल्यावर अक्षरे गिरवावी लागली होती, त्या बाईंनी चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्या गेल्या. राहिलेला शेवट त्यांच्या मुलाने, म्हणजे देवदत्तांनी, पुरा केला आणि १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर आला. आई, वडील आणि मुलगा अशा तिघांच्या हातचे हे काव्य आपल्या ग्रंथालयात असायला हवे. ज्यांना ते वाचायचे आहे त्यांनी आधी ‘स्मृतिचित्रे’ वाचावे, मग ते हाती घ्यावे, आणि जमल्यास चार जण मिळून मोठ्याने म्हणावे.